विश्लेषण : मौलाना आझादांनी अहमदनगरच्या किल्ल्यात बसून चहावर का लिहिले?

दरवर्षी २१ मे रोजी आंतरराष्ट्रीय चहा दिन साजरा होतो. त्या दिवशी मोबाइलवर कटिंग, अमृततुल्य आणि वाफाळत्या कपांच्या छायाचित्रांचा पूर येतो. मात्र उर्दू साहित्यात चहावर जे सर्वाधिक गाजलेले लेखन झाले, ते महाराष्ट्रात, अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ल्यात लिहिले गेले, हे अनेकांना माहीत नसते. लिहिणारे होते काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. बाहेर ‘चले जाव’चे आंदोलन पेटले होते, जगात महायुद्ध सुरू होते आणि आझाद कैदेत होते. अशा वेळी त्यांनी चहाची पत्ती, दूध, साखर आणि पेला यांवर पानेच्या पाने का लिहिली? ते नेमके काय म्हणत होते? त्यांचा चहाविषयीचा दावा आजच्या माहितीवर टिकतो का?

आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कसे पोहोचले?

मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री अखिल भारतीय काँग्रेस समितीने ‘चले जाव’ ठराव मंजूर केला. दुसऱ्या दिवशी पहाटेच ब्रिटिश सरकारने धरपकड केली. नेत्यांना विशेष रेल्वेने मुंबईबाहेर नेण्यात आले. महात्मा गांधींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले, तर काँग्रेस कार्यकारिणीतील नेत्यांची रवानगी अहमदनगरच्या किल्ल्यात झाली. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, महाराष्ट्रातले शंकरराव देव अशी डझनभर मंडळी होती. काँग्रेस अध्यक्ष या नात्याने आझाद या सगळ्यांचे प्रमुख.

सुरुवातीला वृत्तपत्रे बंद, भेटीगाठी बंद आणि पत्रव्यवहारही बंद होता. बाहेर देशात काय चालले आहे, याची खबर आत येत नव्हती. नेहरूंनी याच किल्ल्यात १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. आझादांनी मात्र पत्रे लिहायला घेतली.

‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे काय?

‘गुबार-ए-खातिर’ हे आझादांच्या पत्रांचे पुस्तक. नावाचा अर्थ साधारणपणे ‘मनावर साचलेली धूळ’. ही पत्रे त्यांचे विद्वान स्नेही नवाब सद्र यार जंग, म्हणजेच मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली आहेत. पण किल्ल्यातून ती टपालात पडणार नाहीत, हे आझादांना लिहितानाच माहीत होते. पत्र लिहायचे, घडी घालायची आणि आपल्याच कागदपत्रांत ठेवून द्यायचे, असा हा एकतर्फी पत्रव्यवहार होता. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती पत्रे पुस्तकरूपाने आली.

राजकारण या पत्रांत जवळपास नाही. आहे ते किल्ल्याचा इतिहास, चांदबिबीची आठवण, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांची गोष्ट, संगीत, ईश्वराचा शोध आणि चहा. विनोदही भरपूर आहे. किल्ल्यातल्या तुरुंगाधिकाऱ्याला आझादांनी इतिहासातल्या एका किल्लेदाराचे ‘चीताखान’ हे नाव दिले आणि सहकाऱ्यांनीही ते उचलून धरले. भाषा मात्र सोपी नाही. पानोपानी फारसी, अरबी आणि उर्दू शेर पेरलेले असल्याने आजच्या उर्दू वाचकालाही कोश जवळ ठेवावा लागतो.

पहाटेच्या चहाला एवढे महत्त्व का?

आझाद पहाटे तीन ते चारच्या दरम्यान उठत. इतर नेते झोपेत असत, पहारेकऱ्यांखेरीज कुणी जागे नसे. चहा ते स्वतः करत. उकळते पाणी, भिजवायला ठेवलेली पत्ती, छोटे पेले आणि पुढ्यात कागद. बहुतेक पत्रांची सुरुवातच या वेळेच्या वर्णनाने होते. चहाचा एक घोट, मग सिगारेटचा एक झुरका, पुन्हा घोट, असा त्यांचा ठरलेला क्रम होता आणि त्याचेही ते तपशिलाने वर्णन करतात.

त्यांचा आवडता चहा चिनी होता. चमेलीच्या सुगंधाचा, ‘व्हाइट जॅस्मिन’ नावाने मिळणारा. त्याचे त्यांनी लाडाने ‘गोरी चमेली’ असे नामकरण केले होते. सुगंध नाजूक पण अंमल जबरदस्त, अशी त्याची तारीफ ते करतात.

कैद्याच्या दिवसातले जवळपास सगळे निर्णय दुसरे कुणीतरी घेत असते. कधी फिरायचे, काय खायचे, कोणते वृत्तपत्र वाचायचे, कुणाला भेटायचे, हे सारे तुरुंग ठरवतो. पहाटेचे ते दोन-तीन तास आणि समोरचा पेला एवढ्याच गोष्टी आझादांच्या हातात होत्या. त्यामुळे पाणी किती उकळावे, साखर कशी असावी यावरची त्यांची काटेकोर चर्चा वरवर हौस वाटली, तरी तिच्यामागे आपला दिवस आपणच सुरू करण्याचा हट्ट दिसतो.

दुधाच्या चहावर एवढा राग कशासाठी?

१९४२ च्या हिवाळ्यातले एक पत्र जवळपास पूर्णपणे चहावर आहे. आझादांचे म्हणणे असे : चहा ही चीनची देणगी. चिनी लोक शतकानुशतके तो दुधाशिवाय पितात. रशिया, तुर्कस्तान आणि इराणात तो थेट चीनकडून गेला, म्हणून तिथेही दूध घालत नाहीत. सतराव्या शतकात इंग्रजांची चहाशी ओळख झाली आणि त्यांनी त्यात दूध घालण्याची नवी रीत काढली. हिंदुस्थानात चहा इंग्रजांमार्फत पसरला, त्यामुळे ती रीतही इथे आली. पुढे तर लोक चहात दूध घालण्याऐवजी दुधात चहा घालू लागले, असा टोला ते मारतात. अशा पेयाला ते पातळ हलव्याच्या पंक्तीत बसवतात.

विशेष म्हणजे दुधाच्या रिवाजासाठी त्यांनी वापरलेला शब्द धर्मशास्त्रातला आहे : ‘बिदअत’, म्हणजे मूळ धर्मात नसलेली, मागाहून घुसवलेली गोष्ट. कुराणाचे भाष्यकार म्हणून ख्याती असलेला माणूस हा शब्द चहासाठी वापरतो, यातला विनोद त्यांच्या वाचकाला लगेच कळणारा होता.

टोला नेहरूंनाही बसला. जवाहरलाल बिनदुधाचा चहा पितात हे आझादांना मान्य. पण पत्तीच्या बाबतीत ते मळलेली वाट सोडत नाहीत आणि दार्जिलिंगच्या ‘लोपचू’सारख्या चहावरच समाधान मानतात, अशी त्यांची तक्रार आहे. नेहरूंना गोडाची आवड असल्याने गूळही चालतो, यावरही ते चिमटा काढतात. आझादांना साखर हवी ती स्वच्छ, स्फटिकासारखी.

पुण्याच्या बाजारात चिनी चहा का मिळेना?

याच पत्रात आझाद सांगतात, की जवळचा चिनी चहा संपला आणि अहमदनगर किंवा पुण्याच्या बाजारात त्याची ओळख असलेला कुणी सापडला नाही. नाइलाजाने त्यांना देशी काळी पत्ती वापरावी लागली.

त्या काळाकडे पाहिले तर ही टंचाई समजते. जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले आणि चीनची प्रमुख बंदरे ताब्यात घेतली. १९४२ च्या एप्रिलअखेर ब्रह्मदेशातील लाशिओ जपान्यांच्या हाती पडले आणि चीनला जोडणारा बर्मा रोडही बंद झाला. म्हणजे समुद्राने आणि जमिनीने, दोन्ही बाजूंनी चीनशी होणारा व्यापार आटला होता. किल्ल्यात वृत्तपत्र उशिरा पोहोचले, पण महायुद्ध चहाच्या रिकाम्या डब्यातून आत आलेच होते.

आझादांचा दावा वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवर टिकतो का?

आझादांचा आणखी एक दावा होता. इंग्रजांनी हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये चिनी चहा लावण्याचा प्रयत्न केला, पण इथल्या मातीने चहा दिलाच नाही. चहासारखी दिसणारी दुसरीच वस्तू उगवली आणि तिलाच ‘काळा चहा’ म्हणून जगाच्या गळ्यात मारण्यात आले, असे ते लिहितात.

इथे आझाद चुकतात. चीन आणि आसामची झाडे एकाच जातीची आहेत. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत : लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. आसामातले झाड कुणी चीनमधून आणलेले नव्हते. ते तिथे मुळातच वाढत होते आणि सिंगफो जमातीचे लोक त्याचा वापर करत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला त्याची माहिती मिळाली. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ मध्ये.

हिरवा, पांढरा आणि काळा हा फरकही झाडाचा नसून प्रक्रियेचा आहे. तोडलेले पान चुरडले, की त्यातल्या विकरांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि पान काळपट होते. कापलेले सफरचंद तांबूस पडते, तशीच ही क्रिया. पान लगेच वाफेवर किंवा कढईत तापवले तर विकर निकामी होतात आणि चहा हिरवा राहतो. चमेलीचा चहा करताना तयार पत्ती ताज्या फुलांसोबत ठेवतात आणि ती सुगंध शोषून घेते.

दुधाचे काय? काळ्या चहात टॅनिन वर्गातली द्रव्ये भरपूर असतात. त्यांच्यामुळे जीभ आकसल्यासारखी वाटते. दुधातले केसीन हे प्रथिन त्यांना बांधून ठेवते, म्हणून तुरटपणा कमी होतो. १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आले. ते पान चिरडून, फाडून त्याच्या बारीक गोळ्या करते. या गोळ्यांचा चहा झटपट आणि कडक उतरतो. त्यात दूध-साखर घालणे ही चवीची गरजच ठरते. टपरीवरचा आजचा चहा प्रामुख्याने याच गोळ्यांचा असतो. थोडक्यात, चमेलीच्या नाजूक चहात दूध घालू नये हे आझादांचे म्हणणे चवीच्या दृष्टीने योग्य. पण देशी चहा हा चहाच नव्हे, हे म्हणणे चूक.

चूक असली, तरी रागाचा रोख लक्षात घेण्यासारखा आहे. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर लावला आणि त्या पैशांतून पुढे देशात चहाचा प्रचार झाला. रेल्वे स्थानके, गिरण्या, बाजार अशा ठिकाणी फुकट किंवा स्वस्तात चहा पाजून लोकांना सवय लावण्यात आली. जी सवय आज अगदी घरची वाटते, ती मळेवाल्यांच्या बाजारपेठेसाठी लावली गेली होती. राजकारण न बोलणाऱ्या पत्रात आझाद नेमके यावर बोट ठेवतात.

त्याच वेळी पुण्यात गांधीजी काय लिहीत होते?

आझादांच्या किल्ल्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर, आगाखान पॅलेसमध्ये गांधीजीही चहाबद्दल लिहीत होते. ऑगस्ट ते डिसेंबर १९४२ या काळात त्यांनी गुजरातीत आरोग्यावरचे पुस्तक लिहिले. ‘की टू हेल्थ’ या नावाने ते इंग्रजीत ओळखले जाते. त्यात चहा, कॉफी आणि कोको यांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

गांधीजींच्या मते या तिन्हींची शरीराला गरज नाही. चीनमध्ये चहा का सुरू झाला, याची त्यांनी दिलेली कथा मजेशीर आहे : पाणी नीट उकळले आहे की नाही हे ओळखण्यासाठी कुणीतरी पत्ती वापरली, कारण उकळलेल्या पाण्यातच तिचा सोनेरी रंग उतरतो. चहातल्या टॅनिनची तुलना ते चामडे कमावण्याच्या प्रक्रियेशी करतात. चहातून जो फायदा होतो असे वाटते, तो गरम पाणी, दूध आणि साखरेचा असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

एकाच अटकसत्रात पकडलेले दोन नेते. एकाला चहा नको, उरलेले दूध-साखर चालेल. दुसऱ्याला चहाच हवा, दूध मात्र नको. दोघांचा एकमेकांशी संपर्क नव्हता. पण कप पुढे आला की तो कुठून आला आणि आपण तो का पितो, हा प्रश्न दोघांनीही विचारला.

जॉर्ज ऑर्वेल यांचे मत उलटे कसे?

‘गुबार-ए-खातिर’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, जानेवारी १९४६ मध्ये, लंडनच्या एका सायंदैनिकात जॉर्ज ऑर्वेल यांचा चहावरचा लेख आला. त्यात चहाचे ११ नियम आहेत. ऑर्वेल यांना भारत किंवा सिलोनचाच चहा हवा. चिनी चहात तरतरी नाही, अशी त्यांची तक्रार आहे. दूध हवे, पण ते चहा ओतल्यानंतर घालायचे. साखर नको. युद्धामुळे ब्रिटनमध्ये तेव्हा चहाचे रेशनिंग होते, त्यामुळे थोड्या पत्तीत चांगला चहा कसा करावा हा प्रश्न तिथे खरा होता. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला इंग्रज लेखक भारतीय चहाची बाजू घेतो आणि भारतीय राष्ट्रवादी नेता चिनी चहाची, हा योगायोग गमतीचा आहे.

हा चोखंदळपणा श्रीमंती नव्हे का?

हा आक्षेप रास्त आहे. आझाद चमेलीच्या चहावर लिहीत होते, तेव्हा बाहेर आंदोलक गोळ्या झेलत होते आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखोंचे बळी घेतले. चहा पिकवणाऱ्या मजुरांचाही या पत्रांत उल्लेख नाही. ती बाजू पाहायची तर मुल्कराज आनंद यांची १९३७ मधील ‘टू लीव्हज अँड अ बड’ ही इंग्रजी कादंबरी वाचावी लागते. त्यात गंगू हा पंजाबी शेतकरी आमिषाला भुलून आसामच्या मळ्यात जातो आणि परतीची वाट बंद होते. पत्नी कॉलऱ्याने जाते, शेवटी तोही गोऱ्या मळेवाल्याच्या गोळीला बळी पडतो. आझादांचा पेला आणि गंगूचा मळा शेजारी ठेवल्याशिवाय त्या काळातल्या चहाचे चित्र पुरे होत नाही.

मात्र आझादांच्या पत्रांतला निवांतपणा खरा किती आणि ओढून आणलेला किती, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर एप्रिल १९४३ च्या पत्रात मिळते.

एप्रिल १९४३ मध्ये काय घडले?

३ ऑगस्ट १९४२ रोजी आझाद कलकत्त्याहून मुंबईला निघाले, तेव्हा पत्नी झुलेखा बेगम दारापर्यंत सोडायला आल्या होत्या. निरोपाच्या दोन शब्दांपलीकडे बोलणे झाले नाही. त्यांची प्रकृती आधीपासून खालावलेली होती. पुढच्या वसंतात त्या गंभीर आजारी असल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. सरकारला काही विनंती करायची असल्यास ती लगेच पुढे पाठवू, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. आझादांनी नकार दिला. नेहरूंशीही बोलणे झाले, पण निर्णय बदलला नाही. ज्या सरकारला ‘चले जाव’ म्हटले, त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची नाही, ही त्यांची भूमिका होती.

९ एप्रिल १९४३ रोजी झुलेखा बेगम यांच्या निधनाची तार आली. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आझाद कबुली देतात, की त्या दिवसांत त्यांनी दिनक्रमात फरक पडू दिला नाही. उठण्याची वेळ तीच, जेवणाच्या टेबलावर येणे तसेच. वृत्तपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की छातीत धडधड होई, पण हात घाईने पुढे करायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. हा शांतपणा काही अंशी दिखाव्याचा होता, हेही ते लपवत नाहीत. त्यांच्या आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. रोज नजरेस पडणाऱ्या त्या कबरीबद्दल आता वेगळीच आपुलकी वाटते आणि काल संध्याकाळी आपण बराच वेळ तिच्याकडे पाहत होतो, असे सांगून ते थांबतात.

हे पत्र वाचल्यानंतर चहाचे पत्र पुन्हा वाचले, की पहाटेची ती शिस्त वेगळी दिसते. तीच वेळ, तोच पेला, तोच क्रम यांच्या आधाराने एक माणूस स्वतःला सावरून धरत होता.

पुढे काय झाले?

एप्रिल १९४५ मध्ये आझादांना बंगालमधील बांकुरा येथे हलवण्यात आले आणि जूनमध्ये त्यांची सुटका झाली. कलकत्त्याला स्वागतासाठी मोठी गर्दी होती. ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनात ते सांगतात, की हारांनी भरलेली मोटार त्यांनी वाटेत वळवायला लावली, पत्नीच्या कबरीपाशी गेले आणि त्यातलाच एक हार तिथे वाहिला. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

‘गुबार-ए-खातिर’ची मलिक राम यांनी संपादित केलेली आवृत्ती साहित्य अकादमीने प्रसिद्ध केली आहे. तळटिपांमुळे ती नव्या वाचकाला सोयीची आहे. अहमदनगरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि नेत्यांना ठेवले त्या खोल्या तिथे जपलेल्या आहेत. नेहरूंच्या ग्रंथामुळे लोक ती जागा पाहायला जातात. त्याच आवारात पहाटे तीन वाजता चहासाठी पाणी उकळत असे, हेही जाताना लक्षात ठेवायला हरकत नाही.